ओलं आजचं, कोरडं दिवाळीचं

प्रश्न : आम्ही सहा जणी बचतगटात आहोत. गेल्या दिवाळीत उटणं केलं, ओळखीपाळखीत खपलं. यंदा त्याच्या जोडीला कोरफड आणि गुलाबपाण्याचं जेल, लिंबू-सोड्याचा फेसपॅक आणि घरचं काजळ करून पाहिलं. जेल आठवड्यात पातळ झालं, आंबूस वास यायला लागला आणि झाकणाच्या आत काळे ठिपके दिसले. एकीचं म्हणणं, व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल फोडून घातल्या की टिकतं. लिंबाचा पॅक माझ्या भाचीनं लावला आणि जेमतेम तोंड पुसून ती शेतात गेली. दोन दिवसांनी गालावर लाल पट्टा उठला, आता तो तपकिरी झालाय. घरात सून बाळंतीण आहे. बाळाला काजळ घालायचं की नाही, हळद-बेसन लावायचं की नाही, यावरून आमचे रोज खटके उडतात. सगळं नैसर्गिक असून असं का व्हावं? काय करावं आणि काय करू नये, ते एकदा नीट सांगा. दिवाळीच्या ऑर्डरी यायला लागल्यात.
– एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर :

ताई, आधी भाचीचं बघू. बाकीचं चार दिवस थांबलं तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय त्यावरून तो लिंबाचा आणि उन्हाचा मिळून झालेला प्रताप दिसतो. लिंबाच्या सालीत फ्युरोकूमरिन नावाची द्रव्यं असतात आणि लिंबू पिळताना ती रसात उतरतात. ती त्वचेवर राहिली आणि वर ऊन पडलं की त्वचा भाजते. लगेच नाही, एक-दोन दिवसांनी, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही की परवाच्या लिंबाचा हा हिशेब आहे. ही ॲलर्जी नव्हे. लिंबू आणि ऊन एकत्र आलं की कोणालाही होऊ शकतं. मागे राहिलेला तपकिरी डाग काही आठवडे, कधी कधी काही महिने टिकतो आणि मग आपोआप फिका होतो. तोवर त्यावर टोमॅटो, बटाट्याचा रस, पुन्हा लिंबू असलं काही चोळू नका. साधं खोबरेल किंवा व्हॅसलीन लावा आणि उन्हात जाताना ओढणी घट्ट बांधायला सांगा. फोड आले असतील, पाणी सुटत असेल किंवा डाग पसरत असेल तर त्वचेच्या डॉक्टरांकडे न्या. मेडिकलच्या दुकानातून 'खाजेची ट्यूब' मात्र आणू नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांमध्ये कडक स्टेरॉइड असतं आणि चेहऱ्यावर ते मनाने लावून कातडी पातळ करून घेतलेल्या मुली कमी नाहीत.

सोड्यानं त्यात भर घातली असणार. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, पीएच साधारण ५ च्या आसपास. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका खाली तितकं आंबट. लिंबाचा रस २ ते २.५, म्हणजे भलताच आंबट. खाण्याचा सोडा ८ च्या वर, म्हणजे उलट्या टोकाला. दोन्ही एकत्र केले की फसफसतं, बघायला छान वाटतं, पण त्या फेसात कर्बवायूशिवाय काही नाही. जे जास्त पडलं असेल ते चेहऱ्यावर उरतं आणि त्वचेला जाळतं किंवा कोरडी करतं. हा पॅक यादीतून कायमचा काढा.

'सगळं नैसर्गिक असून' असं तुम्ही लिहिलंत. अहो, बिब्बा नैसर्गिकच की! टाचांच्या भेगांत बिब्ब्याचं तेल भरणाऱ्या जुन्या बायका आपल्याकडे होत्या आणि बिब्बा उतला की काय हाल होतात तेही त्यांना पाठ होतं. आंब्याचा चीक त्याच कुळातला. बावची तर वैद्य कोडावर वापरतात ती तिच्यातल्या सोरॅलेनसाठी, आणि सोरॅलेन हे लिंबातल्या त्या द्रव्याचंच भावंड. तरी 'चेहऱ्यावर तेज येण्यासाठी बावची तेल' असं सांगणारे आहेत. ते लावून उन्हात गेलेल्या माणसाचे गाल पोळतात. त्यामुळे वस्तू झाडाची की कारखान्याची, हा प्रश्न मी बाजूला ठेवते. पहिला प्रश्न एकच विचारायचा : यात पाणी आहे का?

तुमचं जेल बिघडलं ते पाण्यामुळे. कोरफडीचा गर जवळजवळ सगळा पाणीच, त्यात गुलाबपाणी घातलंत म्हणजे आणखी पाणी, आणि गरातली थोडी साखर जंतूंना खायला. ओल्या खोबऱ्याची चटणी आपण सकाळी वाटतो आणि संध्याकाळी हुंगून बघतो. कोरफडीच्या जेलचं आयुष्यही तेवढंच, फक्त ते सुंदर बाटलीत असतं म्हणून आपण महिनाभर त्याच्यावर विश्वास ठेवतो. काळे ठिपके दिसले ती बुरशी. पण ती दिसायच्या कितीतरी आधी न दिसणारे जीवाणू वाढलेले असतात. त्यातला स्यूडोमोनास जातीचा डोळ्यात गेला तर बुबुळाला जखम करू शकतो. पाणी उकळून घेतलं, बाटली उकळली, तरी पुढे बोट लागतं, चमचा लागतो, हवा लागते.

व्हिटॅमिन ईचा सल्ला फार जणी देतात, म्हणून स्पष्ट लिहिते. ते तेल खवट होणं लांबवतं, एवढंच त्याचं काम. जंतूंना ते अडवत नाही. मध, कडुलिंबाची पानं, तुरटी, चार थेंब टी ट्री तेल यांपैकी काहीही घातलं तरी पाण्याचं जेल भरवशानं टिकत नाही. टिकवायला खरंच प्रिझर्व्हेटिव्ह लागतं. फेनॉक्सिइथेनॉल घालायचं तर १ टक्क्याच्या वर जायचं नाही. सोडियम बेंझोएट घालायचं तर जेल पुरेसं आम्लधर्मी, पीएच ५ किंवा त्याखाली हवं, नाहीतर ते घालून न घालून सारखंच. म्हणजे ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा हवा, पीएच मोजायला हवं आणि तयार मालात जंतू वाढतात का, याची प्रयोगशाळेत तपासणी हवी. 'आमच्यात प्रिझर्व्हेटिव्ह नाही' हे अभिमानानं लिहिलेलं बघते तेव्हा मला धडकी भरते. पाणी असलेल्या बाटलीवर ते लिहिलं असेल तर ती बाटली मी चेहऱ्याजवळ नेणार नाही. स्वयंपाकघरात बसून विकायचं जेल करणं सोडा, असंच माझं मत आहे.

घरच्यापुरती कोरफड मात्र वापरा. पान तोडलं की कापलेली बाजू खाली करून दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवा. पिवळा चीक निथळून जाऊ द्या. खाज येते ती बहुतेकदा त्या चिकानं. मग पान धुऊन, साल काढून, पुन्हा गर धुऊन घ्या. त्याच दिवशी लावा. उरला तर फ्रीजमध्ये दोन दिवस, किंवा बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा आणि लागेल तसा एक खडा काढा.

आता उटणं. तुमच्या सगळ्या वस्तूंत हीच खरी शहाणी वस्तू आहे. आपल्या आज्यांनी ते कोरडंच ठेवलं आणि अभ्यंगाच्या पहाटे, लावायच्या वेळी त्यात दूध किंवा तेल कालवलं. कोरड्यात जंतू वाढत नाहीत. म्हणून सगळी मेहनत वाळवण्यावर घाला. संत्र्याच्या साली गरम पाण्यानं चोळून धुवा, कारण बाजारच्या फळांवर औषधाचा आणि मेणाचा थर असतो. मग त्या कट्कन तुटतील इतक्या वाळल्या पाहिजेत. वाकली तर अजून ओली आहे. पावसाळी हवेत वाळवलेली साल वरून कोरडी दिसते आणि डब्यात गेल्यावर घाम धरते. पाऊस रेंगाळला असेल तर मंद आचेच्या ओव्हनमध्ये वाळवा. लिंबाची साल उटण्यात नको, कारण वर सांगितलंच आहे.

एक किलोचा माझा अंदाज असा : मसूर डाळीचं पीठ अर्धा किलो, संत्र्याची साल दीडशे ग्रॅम, मुलतानी माती शंभर, नागरमोथा, वाळा, गव्हला कचोरा आणि आंबेहळद प्रत्येकी पन्नास, गुलाबपाकळी पन्नास. ज्यांची त्वचा कोरडी आहे त्यांच्यासाठी मुलतानी माती निम्मी करून मसूर वाढवा, नाहीतर थंडीत अंग ओढल्यासारखं होतं. चंदन घालायचा मोह होईल. खऱ्या चंदनाचा भाव तुम्हाला माहीत आहे. तेव्हा स्वस्तात मिळणारी 'चंदन पावडर' म्हणजे कुठल्या तरी लाकडाचा भुसा आणि वर सेंट, हे समजून असा. तो दुकानातला सेंट उटण्यात टाकायचाच नाही. उटण्यानं खाज आली असं कोणी सांगितलं की मी पहिला संशय सेंटवर घेते, दुसरा अतिघासण्यावर. अक्रोडाच्या कवचाचा चुराही नको, त्याचे कण टोकदार असतात.

दळणाबद्दल कोणी बोलत नाही. गिरणीत तुमच्या आधी कोणी मिरची दळून गेलं असेल तर तुमचं उटणं गिऱ्हाईकाच्या अंगाची आग करेल. गहू दळलेला असेल तर गव्हाची ॲलर्जी असलेल्याला त्रास. म्हणून घरच्या मिक्सरमध्ये करा, किंवा सहा जणींत मिळून एक छोटी चक्की फक्त याच कामाला ठेवा. वस्त्रगाळ करताना नाकाला फडकं बांधा. नागरमोथ्याची धूळ छातीत गेली की दिवसभर खोकला. पाकिटात भरण्याआधी पूड पूर्ण गार होऊ द्या. पाकिटावर लिहा : ओला चमचा घालू नये, एका वेळेपुरतंच कालवावं, उरलेलं टाकून द्यावं. भरल्याची तारीख घाला आणि सहा महिन्यांत वापरायला सांगा.

हळदीवर दोन शब्द जास्त. तुम्ही हळदीच्या मुलखातल्या. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तरीही बाजारातली सुटी पिवळीधमक पूड घेऊ नका. रंग खुलवायला हळदीत लेड क्रोमेट मिसळल्याची प्रकरणं आपल्या उपखंडात सापडली आहेत. बांगलादेशात तर ते पॉलिश करताना हळकुंडावरच चोळलं जायचं. त्यात शिसं आहे, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसं थोडंसुद्धा चालत नाही. ते घरी खात्रीनं ओळखता येत नाही. तुम्हाला सोपा उपाय आहे : ओळखीच्या शेतकऱ्याकडून पॉलिश न केलेली हळकुंडं आणि आंबेहळद घ्या, धुऊन वाळवून स्वतः कुटा. उटण्याचा रंग मळकट येईल. येऊ दे.

जेल गेलं म्हणून ऑर्डरीत खड्डा पडेल, तर त्या जागी ओठांचं आणि टाचांचं मलम करा. त्यात पाण्याचा थेंब नाही, त्यामुळे प्रिझर्व्हेटिव्हचा प्रश्नच येत नाही. कोकणातून कोकमाचं तेल मागवा. गोव्यात त्याला भिरंडेल म्हणतात आणि टाचांच्या भेगांवर ते पिढ्यान्‌पिढ्या लावलं जातंय. वजनानं एक भाग मधमाश्यांचं मेण, एक भाग कोकम तेल, तीन भाग खोबरेल. पातेल्यातल्या गरम पाण्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा, थेट गॅसवर नको. भांडं, चमचा, डब्या ठणठणीत कोरड्या हव्यात. वाफेचं पाणी आत गळलं तर सगळ्या केलेल्यावर पाणी पडलं. मलम उन्हाळ्यात मऊ पडतं, विदर्भात कोणाला पाठवायचं असेल तर मेण थोडं वाढवा. वास यावा म्हणून दालचिनीचं किंवा लवंगेचं तेल घालू नका, ओठ सुजतात. सौम्य सुगंधी तेल घालायचंच झालं तर १०० मिलिलिटरला १ मिलिलिटरच्या आत, म्हणजे साधारण वीस थेंबांच्या खाली. बिनवासाचं केलंत तर उत्तमच. आणि खोबरेलात ऊन अडवायची ताकद आहे, गाजराच्या बियांचं तेल म्हणजे घरचं सनस्क्रीन, असल्या गप्पांना भुलू नका. सनस्क्रीन घरी होत नाही.

बाळाच्या बाबतीत मी सुनेच्या बाजूनं आहे. रागावू नका, आधी ऐका. तुमच्या घरच्या काजळात शिसं नाही, हे खरं; तुपाच्या दिव्याची काजळी आणि एरंडेल एवढंच असतं. बाजारातल्या काही सुरम्यांत शिशाचंच संयुग असतं, त्यापेक्षा ते लाख पटीनं बरं. पण तान्ह्याची अश्रूंची नळी अरुंद असते, काजळीचे कण आणि आपलं बोट दोन्ही डोळ्यात जातात, आणि मग डोळा चिकटणं, पू येणं सुरू होतं. काजळानं डोळे मोठे होत नाहीत. दृष्टीचीच काळजी असेल तर कानामागे तीट लावा, डोळ्याला हात लावू नका.

हळद-बेसनानं तान्ह्याचं अंग चोळणंही थांबवा. जन्मतः असलेली लव आपोआप जाते. बाळाची कातडी नाजूक असते, घासली की तिच्यावर बारीक ओरखडे उठतात, आणि अशा त्वचेतून खाण्याचे पदार्थ आत गेले तर पुढे त्याच पदार्थांची ॲलर्जी होऊ शकते. मोठ्यांचंही उदाहरण आहे. जपानमध्ये चेहरा धुण्याच्या एका साबणात गव्हाचं प्रथिन तोडून घातलेलं होतं. तो वापरून दोन हजारांवर लोकांना गव्हाची ॲलर्जी झाली. ज्यांनी जन्मभर नूडल्स खाल्ल्या त्यांना त्या खाऊन धाप लागायला लागली. तो साबण म्हणजे काही आपलं पीठ नव्हे, पण ॲलर्जी कातडीतून शिरू शकते हे त्यानं दाखवून दिलं. बाळाला साधं खोबरेल कोमट करून हलक्या हातानं लावा. त्यात कापूर घालू नका. तो त्वचेतून आणि श्वासातून आत जातो आणि लहान बाळाला त्यानं झटके येऊ शकतात. वेखंडाची पूड टाळूवर किंवा अंगावर उडवू नका, ती बाळाच्या श्वासात जाते. मेंदीही बारशाला नको. जी-६-पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी अस्सल मेंदीनंसुद्धा फुटतात, आणि कोणत्या बाळात ती कमतरता आहे, हे बघून कळत नाही. नाळेच्या जागी तर काहीच लावायचं नाही, ना हळद, ना माती, ना राख. ती कोरडी ठेवली की पुरे.

राहिला विक्रीचा भाग, आणि तो तुम्हाला आवडणार नाही. सौंदर्यप्रसाधनं विकण्यासाठी तयार करायची तर परवाना लागतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० सालचा, आणि आता त्याखाली सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू आहेत. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन बघतं. उत्पादनाच्या परवान्याचा अर्ज सीओएस-५ या नमुन्यात असतो. स्वतःची जागा, यंत्रं नसतील तर ज्यांच्याकडे परवाना आहे अशा कारखान्यात आपला माल करून घेण्याची सोय आहे, त्याचा अर्ज सीओएस-६. चार-पाच गट एकत्र आले तर ही दुसरी वाट जास्त झेपेल, असं मला वाटतं. वनौषधींचं आयुर्वेदिक उत्पादन म्हणून विकायचं असेल तर परवाना निराळा. सांगलीच्या कार्यालयात जाऊन, उटण्यातले घटक कागदावर लिहून नेऊन, आपला माल कशात मोडतो ते आधी विचारा. ऑर्डर घेण्याच्या आधी, नंतर नाही.

वेष्टनावर काय लिहिता तेही जपून. 'गोरेपणा', 'डाग घालवते', 'मुरुम बरे करते' यातलं एकही वाक्य नको. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ साली गोरं करणारी क्रीमं वापरणाऱ्यांना मूत्रपिंडाचे विकार झाले आणि त्या क्रीमांत पारा निघाला. तुमच्या उटण्यात पारा नाही, पण गोरेपणाच्या आशेनं जे गिऱ्हाईक येतं ते तुमच्याकडून नाही झालं तर पुढच्या दुकानात जाऊन नेमकं तेच क्रीम घेतं. घटकांची पूर्ण यादी मात्र मराठीत, ठळक अक्षरात द्या. डाळीचं पीठ आहे हे लिहिलेलं बरं. कोणाला कशाची ॲलर्जी असेल सांगता येत नाही.

मलम किंवा उटणं नवीन असलं की गिऱ्हाईकाला सांगा, रुपयाएवढ्या जागी कोपराच्या खोबणीत लावून बघा. मलम तसंच ठेवायचं, उटणं कालवून पाच मिनिटांनी धुवायचं. दिवसातून दोनदा, आठवडाभर. एका रात्रीत काही झालं नाही म्हणजे चालतं असं नाही, ॲलर्जी दोन-चार दिवसांनी उगवते. हे आधी तुम्ही सहा जणींनी स्वतःवर करा.

उरलेलं जेल टाकून द्या, केसांना लावू म्हणून ठेवू नका. त्या पंपाच्या बाटल्याही गेल्या. पंपाच्या नळीतली बुरशी धुऊन निघत नाही. मलमासाठी रुंद तोंडाच्या छोट्या डब्या घ्या, आणि पहिला घाणा वीस-पंचवीस डब्यांचाच करा.